'दे इकडे' म्हणायची बंदी

आमच्या शेडमध्ये सायंकाळी झाडू मारला की सुपलीत काय काय निघतं! वाकडे खिळे, वायरची सालं, लसणाची टरफलं, कुणाच्या तरी शर्टाचं बटन. कोणी टाकलं म्हणून विचारलं तर कोणीच टाकलेलं नसतं. किस्स्यांचंही तसंच आहे, राजेहो. मुद्दाम कोणी करत नाही, पण दिवस मावळेपर्यंत एखादा कोपऱ्यात पडलेला सापडतोच. मी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये जन्मभर फिटर होतो. शाळा आठवीतच माझ्यावर रुसली, त्यामुळे भाषण काही जमत नाही. किस्से मात्र मी सुपलीतून वेचून खिशात टाकतो.

शेड म्हणजे कुरुदच्या पलीकडच्या एका गावातलं युवा मंडळ. त्याचं खरं नाव इतकं लांब आहे की बोर्डावर मावलं नाही, शेवटची अक्षरं भिंतीवर उतरली आहेत. म्हणून सगळे नुसतं 'शेड' म्हणतात. गावाच्या एका अंगानं भिलाई शहर सरकत येऊन राहिलं, प्लॉट पडून राहिले. दुसऱ्या अंगाला अजून धान उभं आहे. मधल्या पोरांना शेतातलंही पुरतं येत नाही आणि शहरातलंही. म्हणून इथं त्यांनी जगण्याच्या साध्यासाध्या गोष्टी हातानं करून शिकायच्या. प्लग जोडणं, डाळ शिजवणं, पंक्चर काढणं, जखम बांधणं, फोनवर अनोळखी माणसाशी न घाबरता बोलणं. फळ्यावर काही शिकवायचं नाही. फळा आहे, पण तो आडवा करून आम्ही त्याच्यावर भाजी चिरतो.

शिकवणारे आम्ही तीन म्हातारे. मी, माझी बायको कुसुम आणि देशकर सर. सर प्लांटच्या ऑफिसात मोठे बाबू होते. मूळ नागपूरचे, मराठी अशी इस्त्रीची की बोलताना घडी मोडत नाही! मला पोरं 'बबा' म्हणतात, म्हणजे छत्तीसगढीत आजोबा. कुसुमला 'काकी' म्हणतात. बबाची बायको काकी कशी, हे त्यांनाच माहीत. सरांना मात्र 'सर'च म्हणतात. याचं सरांना आतून वाईट वाटतं, पण ते कुणाला सांगत नाहीत. मीच सगळ्यांना सांगतो.

*

शेडच्या दारावर खडूनं एकच नियम लिहिला आहे. तो कसा आला, ते ऐका.

एकदा सर प्लग जोडायला शिकवत होते. प्रत्येक पोराच्या हातात एक प्लग, वायरचा तुकडा आणि पेचकस. पहिलीच होती खेमिन. गावातल्या आटाचक्कीवाल्या धनेश साहूची एकुलती एक पोरगी, बारावी झालेली, तोंडानं तिखट. तिनं वायर सोलली ती जरा जास्तच सोलली.

"अगं, असं नव्हे. दे इकडे," सर म्हणाले, आणि त्यांनी सुबक जोडून दाखवली.

दुसऱ्या पोराचा स्क्रू वाकडा बसला. "दे इकडे." तिसऱ्यानं हिरवी वायर लालच्या जागी घातली. "अरे अरे, दे इकडे!" असं करत करत सर ओळीच्या टोकापर्यंत गेले. सगळे प्लग टेबलावर एका रांगेत, एकसारखे, दुकानात मांडल्यासारखे!

सरांनी हात झटकले. "पाहिलंत? किती सोपं आहे! सांगा बरं, आज आपण काय शिकलो?"

खेमिननं मनापासून सांगितलं, "सर, आप मन ला तो बने आथे!"

म्हणजे, सर, तुम्हाला तर छान येतं!

मी स्टुलावरून पडायचाच राहिलो. सरांनी एकदा प्लगांकडे पाहिलं, एकदा पोरांच्या रिकाम्या हातांकडे, आणि मग तेही हसले. त्याच दिवशी पोरांनी दारावर लिहिलं : 'दे इकडे' म्हणायची बंदी. हिंदीत 'ला इधर' म्हटलं तरी बंदी, छत्तीसगढीत 'लान एती' म्हटलं तरी बंदी. जो म्हणेल त्यानं सगळ्यांचे चहाचे ग्लास घासायचे.

नियम पोरांचा, पण मला पटला. प्लांटमध्ये मी पाहिलं आहे. ज्या उस्तादाच्या तोंडात हे दोन शब्द बसले होते, त्याच्या हाताखालची पोरं रिटायर होईपर्यंत पाना धरून उभीच राहिली. उस्ताद वाईट नव्हता. त्याला नुसतं पाहवत नव्हतं.

*

पण ग्लासांची शिक्षा फार दिवस टिकली नाही. ती मोडली तुलेशच्या मायनं.

तुलेश म्हणजे आमचा डाळीतला चॅम्पियन. कुसुमच्या हाताखाली त्याला फोडणी काय जमली, त्याचे पाय जमिनीला लागेनात. घरी गेला आणि म्हणाला, आज डाळ मी करतो. मोहरी तडतडली तशी मायनं सवयीनं हात पुढं केला. "लान एती."

झालं! तुलेशनं कढई खाली ठेवली आणि मायला शेडचा कायदा ऐकवला. असं म्हणायचं नसतं. म्हटलं तर शिक्षा आहे. सगळ्यांचे ग्लास घासावे लागतात.

मायनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "गिलास मांजना सजा हे का रे? त मैं का कसूर करे हँव?"

ग्लास घासणं ही जर शिक्षा असते, तर मी कोणता गुन्हा केला होता?

दुसऱ्या दिवशी तुलेशनं आम्हाला हे सांगितलं तेव्हा तो हसत नव्हता. आम्हीही हसलो नाही. मग खेमिन उठली, तिनं आपला ग्लास घासला, आणि तिच्या मागं एकेक जण उठला. तेव्हापासून ज्याचा ग्लास त्यानं घासायचा. 'दे इकडे' म्हणणाऱ्यानं फक्त बाहेर जाऊन पायरीवर बसायचं. देशकर सरांची तिथं इतकी बैठक झाली की पोरांनी पायरीवर गोणपाट अंथरलं. "सर आहेत, दगडावर कावून बसवायचे?" म्हणे.

*

आता कुसुमचा किस्सा सांगतो. सांगितला हे मी घरी बोलणार नाही, तुम्हीही सांगू नका.

ती शेडमध्ये पहिल्यांदा आली तो दिवस. आम्ही भंडाऱ्याकडचे. लग्न होऊन ती भिलाईत आली ती सरळ टाऊनशिपच्या क्वार्टरमध्ये. आजूबाजूला सगळे हिंदीवाले, घरात मराठी. छत्तीसगढी फक्त भाजीवालीच्या तोंडून कानावर पडायची, तीही भाव करण्यापुरती. तर ही पोरांसमोर उभी राहिली आणि तिच्या हिंदीत म्हणाली, "बच्चा लोग, आज पहला दिन है. आज सबका गोड होना चाहिए!"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. "गोड़?"

"हाँ, हाँ, गोड! गोड के बिना शुरू नहीं करते."

पोरं निमूट उठली, बाहेर गेली. हापशाचा खडखडाट ऐकू येऊ लागला. मला सगळं समजलं होतं, पण मी कशाला बोलतो! थोड्या वेळानं सगळी आत आली आणि भिंतीला पाठ लावून पाय पुढं करून ओळीनं बसली. स्वच्छ धुतलेले, निथळणारे पाय!

"अवो, हे काय?" कुसुम माझ्याकडं पाहून म्हणाली.

"तूच तर मागितलं," मी म्हटलं.

खेमिन आदबीनं म्हणाली, "काकी, हमन गोड़ धो डारेन."

"गोड धुतात का कुठं!"

छत्तीसगढीत गोड़ म्हणजे पाय! पोरांना वाटलं, मराठी लोकांमध्ये शुभकार्याला आधी पाय धुवायची रीत असेल. कुसुमला जेव्हा उमगलं तेव्हा ती आधी लाजली, मग इतकी हसली की डोळ्याला पदर लावला. त्या दिवशी रव्याचा शिरा झाला आणि त्याचं नाव पडलं 'गोड़वाला हलवा'.

परतून घर आलं तेव्हा मात्र म्हणाली, "किती वर्सं झाली हो आपल्याले इथं? याईचा पाय नाई समजला आपल्याले."

मी गंमत करणार होतो. नाही केली.

*

आता खेमिनच्या नोकरीकडे येतो, कारण शेडमध्ये पुढं जे काही झालं ते त्याच्याभोवतीच.

रसमड़ाच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये पोरी घेत होते. खेमिननं स्वतःहून जाऊन चौकशी केली आणि तिचं जवळपास ठरलं. पण रसमड़ा म्हणजे दुर्गच्याही पुढं. गावातून थेट बस नाही. सकाळच्या शिफ्टला वेळेवर पोचायचं तर स्वतःची गाडी हवी. धनेश सकाळी चक्की बंद ठेवू शकत नाही, गावाचं दळण त्याच वेळी येतं. त्यानं हिशेब एका वाक्यात संपवला. "मी नेऊ शकत नाही, ती एकटी जाऊ शकत नाही. मग नोकरी नाही."

त्याला दुष्ट समजू नका. खेमिनची माय ती लहान असतानाच गेली. वेण्या घालण्यापासून सगळं धनेशनंच केलं. ती अजूनही शेडमध्ये येते तेव्हा तिच्या डब्यातल्या आंब्याच्या लोणच्याची कोय त्यानं काढून दिलेली असते!

शेडमध्ये एक जुनी स्कूटी होती. तिचा मूळ रंग कोणता, यावर गावात दोन मतं आहेत. खेमिन म्हणाली, मी हीच शिकते. धनेश म्हणाला, शिक, पण मी सोबत राहीन. आणि खरंच राहिला. तळ्याकाठच्या मैदानावर खेमिन गाडी चालवायची आणि हा मागची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून सोबत धावायचा. तिनं वेग वाढवला की हा ओरडायचा, "धीरे, नोनी, धीरे!" नोनी म्हणजे आपल्याकडं बाई म्हणतो ना लाडानं पोरीला, तसं. गाडी चालायची कमी, धनेश धावायचा जास्त. आठवड्याभरात खेमिनला गाडी आली की नाही माहीत नाही, धनेशचं पोट मात्र आत गेलं!

मी म्हटलं, "धनेश, याले दुचाकी नाई म्हणत."

"नोनी पडली तर?"

"पडू दे."

"एकदा पडली की विषय संपला, बबा. सांगून ठेवतो."

मग मी दुसरा उपाय केला. एका दुपारी चहा घेऊन मैदानावर गेलो. काठोकाठ भरलेला एक ग्लास त्याच्या हातात दिला. "जरा धर, मी चष्मा पुसतो." त्यानं धरला. "आणि हा पण जरा." त्यानं दुसऱ्या हातात तोही धरला. आणि मी जोरात ओरडलो, "नोनी, चल!"

खेमिननं मूठ पिळली. गाडी सुटली! धनेश दोन्ही हातांत भरले ग्लास घेऊन मागं धावला, "धीरे! धीरे!" पण ग्लास फेकून द्यायचं त्याला सुचलं नाही. धान्याचा एक दाणा वाया न घालवणारा चक्कीवाला तो! खेमिन पार बाभळीपर्यंत गेली, वळली, आणि सरळ रेषेत येऊन त्याच्यासमोर थांबली.

धनेश हात पसरून उभा. चहाचा थेंब सांडला नव्हता. त्यानं पोरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला वाटलं, आता दोन्ही ग्लास माझ्या डोक्यावर!

"बबा," तो म्हणाला, "चाय जुड़ा गे."

चहा थंड झाला. एवढंच बोलला, आणि दोन्ही ग्लास स्वतःच पिऊन टाकले.

*

आणि नेमकी ती पडलीच. धनेश चक्कीवर असताना, शेडच्या दारात, रेतीवर. गुडघा चांगला सोलवटला.

सगळ्यांनी आधी चक्कीच्या वाटेकडं पाहिलं. भीती गुडघ्याची नव्हती, धनेशची होती. 'एकदा पडली की विषय संपला.' खेमिन उठली, पायातून रक्त वाहत होतं, आणि पहिलं काय बोलली? "कोणी घरी सांगायचं नाही."

देशकर सर पट्ट्यांचा डबा घेऊन धावत आले. खाली वाकले. "बाळ, पाय दे इक..." आणि तिथंच थांबले. डबा तिच्या हातात दिला, स्वतः उठले आणि कोणी न सांगता जाऊन पायरीवर बसले. तिथून पाठमोरेच सूचना देत होते. "आधी पाणी. भरपूर पाणी. रेती राहू देऊ नकोस. हं, रड थोडी, रडायला हरकत नाही." खेमिननं स्वतःची जखम स्वतः धुतली, स्वतः बांधली. मधेच थोडी रडली, पण हात चालू ठेवून.

घरी लंगडत गेली. धनेशनं दारातच विचारलं, "काय झालं?"

खेमिन आयुष्यात बापाशी खोटं बोलली नव्हती. तेव्हाही बोलली नाही. म्हणाली, "आज शेडमध्ये मलमपट्टी शिकवली. त्याच्यासाठी जखम लागते ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी धनेश अंगभर पिठानिशी शेडवर हजर. सरांना हात जोडले.

"सर, बाकी सगळं हातानं करून शिकवा. एक विनंती आहे. पोहणं नका शिकवू!"

*

फोनवर बोलायचा क्लास माझ्याकडं होता. होता म्हणतोय, त्याचं कारण पुढं येईल.

या पोरांची एक अडचण असते. समोरासमोर वाघासारखी बोलतात, पण फोनवर साहेबाचा आवाज आला की 'जी सर, जी सर' करत बापाच्या हातात फोन देतात. म्हणून मी वेगवेगळ्या नंबरांवरून, आवाज बदलून, वेळी-अवेळी फोन करायचो. कधी बँकेचा साहेब, कधी बिजली ऑफिसचा बाबू. ज्याला करायचो त्यानं न घाबरता बोलायचं. मला तर बापा हा धंदा जन्मभर फुकटात केलेला, आता मंडळानं सांगून करायला लावला होता!

खेमिनला मी कारखान्याचा मॅनेजर होऊन फोन केला. घशातून खर्ज काढून म्हटलं, "रसमड़ा से बोल रहा हूँ. अपने पिताजी को फोन दीजिए."

"नौकरी मुझे करनी है, सर. बात भी मैं ही करूँगी."

"बहुत अच्छे! और कुछ?"

"हाँ, बबा. आपके पीछे कूकर की सीटी हो रही है. काकी को बोलो, गैस बंद करे."

अशी पोरगी! तिला फसवायचं म्हणून मी मग रोजच मॅनेजर होऊ लागलो. कधी खोकून, कधी नाक दाबून. ती रोज पकडायची.

मग एक दिवस शेडमध्ये सगळे भाजी निवडत बसलो होतो. तिचा फोन वाजला. तिनं मान वर न करताच स्पीकरवर टाकला. भारी आवाज. "खेमिन साहू? रसमड़ा से बोल रहा हूँ."

"वा, बबा!" खेमिन म्हणाली. "आज आवाज़ एकदम असली निकाले हो! अब मसखरी बंद करो, और चुपचाप चाय पियो."

खेमिननं हसत हसत मान वर केली. मी तिच्या बरोबर समोर बसून लसूण सोलत होतो.

भीतीनं तिनं फोन कापून टाकला. माझ्या हातातली लसणाची पाकळी हातातच राहिली. माझ्या गमतीनं पोरीच्या तोंडचा घास जातो की काय! देशकर सर उठले. त्यांचं हिंदी साहेबी, इंग्रजीही फाडफाड. ते दोन शब्द बोलले असते तर मामला निपटला असता. त्यांचा हात फोनकडं निघाला होता, मी पाहिला. मग त्यांनी तो हळूच खिशात घातला.

खेमिननं तोच नंबर स्वतः लावला.

"सर, मैं खेमिन साहू. अभी मुझसे गलती हुई. मैं समझी, हमारे बबा हैं."

"ये बबा कौन हैं?"

"हमारे यहाँ फोन पर बोलना सिखाते हैं, सर."

पलीकडून आवाज आला, "अच्छा सिखाते हैं?"

खेमिननं माझ्याकडं टक लावून पाहिलं. "नहीं, सर. कल से कोई और सिखाएगा."

साहेब इतका हसला की स्पीकर फाटायला आला! म्हणाला, पहिल्या तारखेला ये, कामावर ये.

तेव्हापासून तो क्लास देशकर सर घेतात. माझ्याकडं फक्त लसूण आहे.

*

नोकरी पक्की झाली, तरी धनेशची 'हव', म्हणजे होकार, पक्की झाली नव्हती. त्याची शेवटची अट होती. पहिल्या दिवशी तो खेमिनच्या मागं बसून रसमड़ापर्यंत जाणार. "रस्त्यात एकदा जरी माझा जीव घाबरला, तर तिथूनच गाडी वळवायची. मग परत नोकरीचं नाव नाही." खेमिननं नुसती मान हलवली. आम्ही सगळ्यांनी मनात म्हटलं, गेली नोकरी. ज्या माणसाचा जीव मैदानावर घाबरायचा, तो हायवेवर काय करील?

पहिल्या तारखेला चक्की बंद. बाया दळणाचे डबे घेऊन दारात उभ्या, आणि धनेश त्यांच्यासमोर पोरीच्या मागं स्कूटीवर बसला. गावात असं कोणी पाहिलं नव्हतं. एक बाई म्हणाली, "का धनेश, कहाँ जात हस?" तो हेल्मेटमधून म्हणाला, "नोनी ला पूछ!"

परतताना धनेशला आणायला कोणी हवं, म्हणून मी माझी लुना घेऊन मागं. माझी लुना कसली, तिला सायकलवालेही बाजूनं साइड मागतात. कुरुद ओलांडलं, वस्ती दाट झाली, नेहरू नगरच्या चौकात हायवेला लागलो. ट्रकवर ट्रक, बसगाड्या हॉर्न वाजवत अंगावर येऊन राहिल्या. सिग्नल लाल होता म्हणून मी कसाबसा त्यांच्या बाजूला येऊन टेकलो. पाहतो तर खेमिन समोर नजर लावून, पाठ ताठ. आणि मागं धनेश, डोळे गच्च मिटलेले, ओठ हलताहेत.

"धनेश! झोपला का बे?"

"नाही, बबा." त्यानं डोळे उघडले नाहीत.

"मग पाहून कावून नाही राहिला?"

तो हळूच म्हणाला, पोरीला ऐकू जाणार नाही असं. "पाहिलं तर जीव घाबरेल. घाबरला तर गाडी वळवावी लागेल."

सिग्नल हिरवा झाला. खेमिननं गाडी अशी काढली, ना झटका, ना गडबड. मी मागं राहिलो ते राहिलोच.

पुढच्या सिग्नलांच्या कृपेनं मी त्यांना गाठलं. रसमड़ाला पोचलो तेव्हा शिफ्ट सुरू व्हायची होती. कारखान्याच्या गेटवर गर्दी, सायकली, मोटरसायकली, डबे. खेमिननं गाडी स्टँडला लावली, हेल्मेट काढलं, केस सारखे केले. बापाच्या पाया पडली. माझ्याही पडली, आणि वर म्हणाली, "बबा, आज फोन झन करबे!" म्हणजे आज फोन करू नको. मग गर्दीत शिरली, गेटवर आपलं नाव सांगितलं, आणि आत गेली. मागं वळून पाहिलं नाही. वळली असती तर काय झालं असतं, ते तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

भोंगा झाला. गर्दी ओसरली. पोचवायला आलेले बाप, भाऊ, नवरे निघून गेले. धनेश गेटाचा दांडा धरून उभाच. आतलं काही दिसत नव्हतं, नुसती एक लांब भिंत आणि तिच्या टोकाला वळण. मी लुना चालू केली, बंद केली, परत चालू केली. तो हलेना.

शेवटी गेटवरचा गार्ड उठून आला. मोठ्या मिशांचा, पण बोलायला मऊ.

"ओ चाचा, किसको छोड़ने आए हो?"

"बेटी को."

"वो तो कब की अंदर गई. छोड़ दिया ना? अब जाओ."

धनेशनं दांड्यावरचा हात काढला. पाहिला. पुन्हा तिथंच ठेवला.

"अभी सीखत हँव, साहब," तो म्हणाला.